तबकडीवरचा आकडा आणि आपला कान



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांतून उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक एकत्र बसतात आणि कोणी तरी बोललेले ऐकतात. ऐकणे हाच ज्या प्रथेचा प्राण, तिच्यात एक दिवस खुद्द ऐकण्याविषयीच बोलावे, या विचाराने मी आजचा विषय निवडला आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. दोन तबकड्या समोर ठेवल्या. दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या, दोन्ही चकचकीत. एक आपली नेहमीची सीडी. दुसरीवर ‘सुपर ऑडिओ सीडी’ असे लिहिलेले. दुसरीची किंमत अधिक, तिला यंत्रही निराळे लागते. विकणारा म्हणतो, हिच्यात आवाज अधिक बारकाईने भरलेला आहे. तर तो बारकावा चोपड्यातल्या एखाद्या घरी, माजघरात बसून गाणे ऐकणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचतो काय? आज तबकड्यांचा जमाना ओसरला असला तरी प्रश्न ओसरलेला नाही. तोच माल आता ‘हाय-रेझोल्यूशन’ या नावाने मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीने मिळतो. तेव्हा उत्तर शोधून ठेवणे फायद्याचे आहे.

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. कारण एखादी नवी गोष्ट खरोखर नवी आहे की नुसती महाग आहे, हे जुन्या गोष्टींशेजारी ठेवल्यावरच कळते. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. त्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. गायचे ते कर्ण्यात तोंड घालून. विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ च्या सुमारास. आणि एका बाजूस वेळ किती? तीन-साडेतीन मिनिटे. वन्समोअर घेत घेत लांबणारे नाट्यपद असो की तासभर रंगणारा ख्याल असो, त्याला या तीन मिनिटांच्या डबीत बसावे लागे. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर या साऱ्यांनी या डबीत आपले गाणे बसविले. आणि असे बसविले की केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. ती भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे.

पुढे १९४८ साली अमेरिकेत लांब चालणारी तबकडी निघाली, जिला आपण एलपी म्हणतो. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. विलंबित ख्यालाला प्रथमच पाय पसरायला जागा मिळाली. मग कॅसेट आली. ती स्वस्त होती, खिशात मावत होती, म्हणून गाणे खेड्यापाड्यांत गेले. मात्र तिच्या मागे सतत एक सुसकारा चालू असे. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांची सीडी जपानात बाजारात आली. तिने तीन गोष्टी दिल्या. तबकडी उलटल्यावाचून ७४ मिनिटे. सुईच्या खरखरीचा आणि फितीच्या सुसकाऱ्याचा पूर्ण अभाव. आणि शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखाच आवाज. आपल्या संगीताला याचे मोल फार. कारण आपले गाणे तंबोऱ्याच्या झंकारावर उभे असते, आणि गवई श्वास घेऊन थांबतो ती शांतताही गाण्याचाच भाग असते. ती शांतता घरात प्रथम आणली ती सीडीने.

प्रत्येक पायरीवर काय मिळाले ते आपण एका वाक्यात सांगू शकलो, आणि ते सांगण्यासाठी यंत्राची गरज पडली नाही. कोणाच्याही कानाला ते कळले. आता पुढची पायरी. १९९९ साली त्याच दोन कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी काढली. पाठोपाठ २००० साली डीव्हीडी-ऑडिओ आली. यांनी काय दिले? यांनी, काही तबकड्यांवर चार-पाच कर्ण्यांतून चहूबाजूंनी येणारा आवाज दिला. ती सोय निराळी. पण नेहमीच्या दोन कर्ण्यांवर ऐकणाऱ्याला मुख्यतः मोठे आकडे दिले. ते आकडे काय आहेत ते पाहू.

आवाज म्हणजे हवेची कंपने. सीडीवर आवाज भरताना या कंपनांचे माप एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतात. ही संख्या कोणा ऋषीने दिलेली नाही. आकड्यांत बदललेला आवाज साठवायला १९७० च्या दशकात चित्रांची फीत, म्हणजे व्हिडिओ टेप, वापरीत. सेकंदाला ५० वेळा, दर वेळी २९४ ओळी, आणि प्रत्येक ओळीत तीन मापे. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात. डीव्हीडी-ऑडिओत ही मापे सेकंदाला १,९२,००० पर्यंत घेता येतात. सुपर ऑडिओ सीडीची तर रीतच निराळी. तिथे सेकंदाला २८,२२,४०० इतक्या वेळा एकेका बिटाची नोंद होते.

येथे सामान्य माणसाच्या मनात एक चित्र उभे राहते. माप कमी वेळा घेतले म्हणजे मधल्या जागा रिकाम्या राहिल्या, आवाज जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा झाला. जास्त वेळा घेतले की तो गुळगुळीत झाला. हे चित्र विक्रीच्या पत्रकांतही छापलेले असते. ते दिसते पटण्यासारखे, पण ते चूक आहे. शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारे वर्तुळ एकच. आणखी तीनशे बिंदू दिल्याने ते वर्तुळ अधिक गोल होत नाही. ध्वनीचेही असेच आहे. नायक्विस्ट याने १९२८ साली ज्याची दिशा दाखविली आणि शॅनन याने १९४९ साली जो सिद्ध करून मांडला, तो नियम असा : ज्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज हवा, तिच्या दुपटीहून अधिक वेळा माप घ्या, मग त्या मर्यादेच्या आतला आवाज पुरता परत उभा करता येतो. मधल्या जागा रिकाम्या राहत नाहीत. अट एवढीच, की मर्यादेवरची कंपने आधी गाळून टाकली पाहिजेत. सुरुवातीच्या यंत्रांतली ही गाळणी जाडीभरडी होती, त्यामुळे तेव्हाच्या काही जाणकारांच्या तक्रारींत तथ्य होते. पुढे ती सुधारली.

आता ४४,१०० चे निम्मे म्हणजे २२,०५०. माणसाच्या कानाची धाव कोठवर? तरुण, निरोगी कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी ही वरची बाजू झिजते. साठीच्या आसपास पुष्कळांचे दहा-बारा हजारांपलीकडचे ऐकणे संपलेले असते. म्हणजे गंमत अशी, की महाग यंत्र घेण्याइतका पैसा हाती येतो तोवर त्याने पुरविलेला आवाज ऐकणारा कान हातचा गेलेला असतो! टाळांच्या, झांजांच्या नादात २०,००० च्या वरची कंपने असतात, हे खरे. ती आपल्या अंगणातला कुत्रा ऐकतो. पण आपण गाण्याला बोलावले आहे ते त्याला नव्हे.

दुसरा आकडा मापाच्या सूक्ष्मतेचा. कापसाची गाडी तोलायचा काटा वेगळा आणि जळगावच्या सराफाचा काटा वेगळा, हे आपल्याला सांगायला नको. सीडीवरचे प्रत्येक माप १६ बिटांचे असते. म्हणजे हलक्यात हलक्या आवाजापासून मोठ्यात मोठ्यापर्यंत ६५,५३६ पायऱ्या. नव्या पद्धतीत २४ बिट, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पायऱ्या. डेसिबल या आवाज मोजण्याच्या एककात सांगायचे तर पहिलीचा पल्ला सुमारे ९६, दुसरीचा सुमारे १४४. आकडा पाहून मन हुरळते. पण हा पल्ला वापरायचा कोठे? मे महिन्यात आपल्या खानदेशात पंखा बंद करून गाणे ऐकणारा रसिक मला अजून भेटायचा आहे. कूलर बाजूला ठेवा, नुसत्या पंख्याचा आवाज ४० डेसिबल धरा. सीडीचा हलक्यात हलका आवाज या पंख्याच्या वर काढायचा म्हटले तर मोठ्यात मोठा आवाज १३६ डेसिबलवर जाईल. आणि १२०-१३० च्या घरात कान दुखू लागतो. म्हणजे सीडीचाच सगळा पल्ला आपल्या घरात मावत नाही, मग १४४ चा कोठे मावणार? घागर भरून वाहते आहे. तिच्या शेजारी रांजण आणून ठेवल्याने तहान अधिक भागत नाही.

हे झाले गणित. पण गणितावर कान सोडून देऊ नये. कान काय म्हणतो? २००७ साली अमेरिकेतल्या मायर आणि मोरन या दोघांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी उंची तबकड्या लावल्या. एकदा सरळ, आणि एकदा तोच आवाज वाटेत सीडीच्या मापात उतरवून. कोणते चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. शेकडा पन्नासाला थोडे कमी. नाणे उडविले असते तरी एवढीच बरोबर उत्तरे आली असती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. बारा हजारांहून अधिक वेळा विचारलेल्या प्रश्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ आले. फरक अगदी लहान, पण निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा. कानाला आधी शिकवण दिलेल्या लोकांत हे प्रमाण अधिक होते. तेव्हा ‘फरक मुळीच नाही’ असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. शांत खोलीत, शिकवलेल्या कानाने, जीव लावून ऐकले तर कधीमधी काही जाणवत असेल. पण हा फरक एलपीने वा सीडीने आणलेल्या फरकाच्या जातीचा नव्हे, एवढे निश्चित.

मग पुष्कळ रसिक शपथेवर सांगतात की उंची तबकडी खरोखरच गोड वाजते, ते काय खोटे बोलतात? मुळीच नाही. मायर आणि मोरन यांनीही हीच गोष्ट नोंदविली आहे, की त्या तबकड्या बहुतेक सीडींहून सरस वाजत होत्या. पण त्यांचा आवाज सीडीच्या मापात उतरवला तरी तितक्याच सरस वाजत होत्या! म्हणजे सरसपणा मापात नव्हता, करणाऱ्याच्या हातात होता. उंची तबकडीचे गिऱ्हाईक चोखंदळ, म्हणून तिचे काम निगुतीने झाले. उलट १९९० नंतरच्या अनेक सीडींवर आपले गाणे दुसऱ्याहून मोठे वाजावे या चढाओढीत आवाज दाबून, चेपून भरला गेला. हलके आणि जोरकस यांतले अंतरच नाहीसे झाले. ज्या तबकडीला ९६ डेसिबलचा पल्ला दिला होता, तिच्यात पाच-दहा डेसिबलचाच खेळ उरला. हा दोष तबकडीचा नव्हे. भाकरी करपली तर तव्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तो आपल्या कानाला अधिक चांगला वाटतो. मोठा आहे म्हणून नव्हे, चांगला आहे म्हणूनच तो आवडला असे आपण समजतो. तेव्हा कोणी दुकानात दोन यंत्रे ऐकवून दाखवू लागला तर एवढे सांगावे, की दोन्हींचा आवाज अगदी सारखा करा, आणि कोणते चालू आहे ते मला सांगू नका. मग कौल द्यावा.

घरात गाणे चांगले वाजावे असे ज्याला वाटते त्याने पैसा आणि लक्ष कोठे घालावे, हेही सांगून टाकतो. पहिले, कर्णे, म्हणजे स्पीकर. तबकडी आणि यंत्र यांतले फरक जेथे चिमटीत धरावे लागतात, तेथे दोन स्पीकरांतला फरक परातीत मावत नाही. दुसरे, खोली. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती होत्या. आता सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, खिडकीला काच. आवाज यांच्यावर आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. यावर औषध आपल्याच शेतात पिकते. कापूस हा आवाज शोषून घेणाऱ्या चांगल्या पदार्थांपैकी एक आहे. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीशी गादी किंवा टांगलेली गोधडी, पुस्तकांचे भरलेले कपाट. एवढ्याने जो फरक पडेल तो कोणत्याही तबकडीवरच्या आकड्याने पडणार नाही. तिसरे, आज आपण बहुधा मोबाइलवरून ब्लूटूथने ऐकतो. ब्लूटूथ आवाज पुन्हा आवळून पाठवते. तेव्हा वर्गणी भरून मोठ्या आकड्याचे गाणे घ्यायचे आणि ते ब्लूटूथच्या लहानशा डब्यावर वाजवायचे, म्हणजे पैसे रांजणाचे मोजून पाणी लोटीने आणायचे.

मग हे मोठे आकडे निरुपयोगीच काय? नाही; त्यांची जागा निराळी आहे. शिंपी कापड बेतताना शिवणीत दाब ठेवतो. अंगरखा घालणाऱ्याला तो दाब दिसत नाही, लागत नाही. पण बेतताना तो नसेल तर काम बिघडते. ध्वनिमुद्रणाचेही तसेच. गाणारा पुढच्या क्षणी केवढा आवाज लावील हे आधी कळत नाही. २४ बिट असले की हात राखून आवाज घेता येतो. जुन्या फिती आणि तबकड्या आकड्यांत उतरवून ठेवणाऱ्यांसाठीही जगभरच्या ध्वनिसंग्राहकांच्या संघटनेची शिफारस आहे, की माप २४ बिटांचे आणि सेकंदाला निदान ४८,००० वेळा घ्यावे, जमल्यास ९६,००० वेळा. कारण ती मूळ फीत उद्या राहणार नाही. सारांश, मोठा आकडा घेणाऱ्याला हवा, ठेवणाऱ्याला हवा. ऐकणाऱ्याला सीडीचे माप पुरते.

आणि येथे मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. आपण खानदेशातली माणसे ‘ऐकणारे’ म्हणून तबकडीचा विचार करतो. ‘ठेवणारे’ म्हणून करीत नाही. येथून जवळच असोद्याच्या बहिणाबाई जात्यावर, शेतात ओव्या रचीत गेल्या. लिहिणे त्यांना येत नव्हते. चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांनी त्या कागदावर उतरविल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. कागदाने शब्द राखले. पण जात्याच्या घरघरीवर तो शब्द कसा हेलकावत असेल, कोठे थांबत असेल, ते कागद कसे राखणार?

आज चोपडे तालुक्यात, तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, किती गळ्यांत असे गाणे आहे! श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या आजीबाई आहेत. अहिराणीतली लग्नाची गाणी आहेत, वहीगायन आहे, डोंगरातल्या पावरा आणि भिल्ल बांधवांची गाणी आहेत. पीठ गिरणीत दळले जाऊ लागले तशी जात्यावरची ओवी मुकी झाली. या गाण्यांची उंची तबकडी कोणी काढणार नाही आणि साधीही काढणार नाही. ती काढायची तर आपणच.

आणि साधन तर आपल्या खिशात आहे. गैसबर्गला त्याची यंत्रसामग्री समुद्रापलीकडून आणावी लागली; त्याच्या त्या कर्ण्याहून आपल्या मोबाइलचा मायक्रोफोन कितीतरी तीक्ष्ण आहे. मात्र पथ्ये पाळा. आवाज आवळून न टाकता सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० मापांनी भरणारी सोय मोबाइलवर घ्या. निरोप पाठवण्याच्या साधनावरून आलेला आवाज ठेवू नका. तो चेपलेला असतो. तेवढ्यापुरता पंखा बंद करा. फोन हातात धरू नका, घडी केलेल्या कापडावर, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. गाणाऱ्याची संमती घ्या. एकच प्रत करून थांबू नका. निदान दोन ठिकाणी ठेवा. आणि आरंभी किंवा शेवटी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याच्याच तोंडून बोलवून घ्या. गौहरजान आपल्या गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. परदेशातल्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही चाल पडली, असे सांगतात. त्या एका वाक्यामुळे शंभर वर्षांनंतरही ती तबकडी निनावी झाली नाही. आपल्या आजीचेही नाव निनावी होऊ नये.

सीडी चांगली की सुपर सीडी, हा वाद रसिकांनी खुशाल घालावा. त्यातून कान तयार होतात. पण गळा बंद पडल्यावर त्याला परत उभा करणारी तबकडी कोणत्याही कंपनीने अजून काढलेली नाही. म्हणून येत्या श्रावणाच्या आत प्रत्येकाने आपल्या घरचे एक तरी गाणे भरून ठेवावे, एवढी विनंती करतो.